कात्री आणि कान: विद्यार्थी लघुपटाचं शेवटचं काम

शूटिंगला तारीख असते, म्हणून ते होतं. कॅमेऱ्याचं भाडं दिवसावर मोजलं जातं, नटांना सुट्टी मिळालेली असते, घरमालकाने दोनच दिवस दिलेले असतात. संकलनाला मात्र तारीख नसते. सगळं एका हार्ड डिस्कमध्ये जाऊन बसतं आणि विद्यार्थ्यांच्या बहुतेक फिल्म इथेच रुततात. महिनोन्‌महिने रफ कटवर रफ कट निघतात. मग एखाद्या महोत्सवाची प्रवेशिका भरायची मुदत डोक्यावर येते, चित्राचं काम कसंबसं थांबतं आणि ध्वनीच्या वाट्याला उरलेल्या दोन रात्री येतात. पडद्यावर पहिल्या मिनिटातच ते कळतं. फ्रेम देखणी असते, पण आई काय म्हणाली ते ऐकू येत नाही.

म्हणून कात्री हातात घेण्यापूर्वी कॅलेंडर घ्या. जितके दिवस हातात आहेत त्यातले निम्मे ध्वनीसाठी काढून ठेवा. सहा आठवडे असतील तर तीन आठवड्यांनी चित्र लॉक झालंच पाहिजे, आणि ती तारीख ध्वनी करणाऱ्या मित्राला आजच कळवा. दुसऱ्याला दिलेली तारीख पाळली जाते, स्वतःला दिलेली पाळली जात नाही.

कापण्याआधीची कंटाळवाणी कामं

रशेसच्या तीन प्रती हव्यात. दोन तुमच्याकडे वेगवेगळ्या डिस्कवर, तिसरी दुसऱ्या कुणाच्या घरी. पेन ड्राइव्हला प्रत म्हणू नका. फाइल आणि फोल्डरची नावं रोमन लिपीत, मोकळी जागा न सोडता द्या; देवनागरी नावं काही सॉफ्टवेअर अजूनही बिघडवतात. कॅमेऱ्याने आणि रेकॉर्डरने दिलेली मूळ नावं बदलू नका. पुढे ध्वनीवाल्याला मूळ फाइल शोधायची असते तेव्हा तीच उपयोगी पडतात.

फ्रेमचा वेग आधीच ठरवा. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइटखाली २५ फ्रेमला फडफड टाळणं सोपं जातं आणि अनेक जण २५ वरच शूट करतात. चित्रपटगृहात चालणाऱ्या डीसीपीसाठी २४ हा सर्वांत निर्धोक वेग. दोन्हीपैकी काहीही चालेल, पण एकाच फिल्ममध्ये दोन्ही मिसळू नका आणि मध्येच बदलू नका.

मोबाइलवर शूट केलं असेल तर आणखी एक काम आहे. मोबाइलचा कॅमेरा बहुधा फ्रेमचा वेग स्थिर ठेवत नाही. उजेड कमी झाला की तो थोडा मंदावतो. वेगळ्या रेकॉर्डरवर घेतलेला आवाज अशा क्लिपवर सुरुवातीला चपखल बसतो आणि हळूहळू ओठ आणि शब्द यांची फारकत होते. टाइमलाइनवर त्याच्याशी झुंजत बसू नका. हँडब्रेक किंवा शटर एन्कोडर ही मोफत साधनं वापरून सगळ्या क्लिप आधीच स्थिर वेगाच्या करून घ्या आणि मग सिंक करा.

सिंक क्लॅपवर करा. क्लॅप दिला नसेल तर कॅमेऱ्यातला पायलट आवाज आणि रेकॉर्डरचा आवाज यांच्या लहरी जुळवून सॉफ्टवेअर ते करून देतं. तरी प्रत्येक क्लिप एकदा डोळ्यांनी तपासा, कारण चुकीच्या जागी बसलेला सिंक तीन आठवड्यांनी उघडकीला येतो. सॉफ्टवेअरवरून वाद घालण्यात अर्थ नाही. पैसे नसतील तर दाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती पुरते. चित्र, रंग आणि ध्वनी तिन्ही तिच्यात होतात.

रफ कट ते लॉक

पहिला कट पटकथेच्या क्रमाने लावा आणि तो लांबच असू द्या. तो बघून दिग्दर्शकाला रडू येतं. त्यात नवीन काही नाही. या टप्प्यावर संगीत मात्र टाकू नका. यूट्यूबवरून घेतलेला पियानो लावला की लंगडा सीनही चालल्यासारखा वाटतो. शिवाय कान त्या तुकड्याला इतका सरावतो की पुढे तुमच्या संगीतकाराने केलेलं काहीही फिकं वाटायला लागतं.

मग कापायला सुरुवात, आणि तीही फिल्मच्या सुरुवातीपासून. विद्यार्थी फिल्मचं पहिलं मिनिट जगभर सारखं असतं: गजर वाजतो, पांघरुणातून हात येतो, गजर बंद होतो, आरशासमोर दात घासले जातात. गावाकडची फिल्म असेल तर ड्रोन. हे सगळं काढा आणि गोष्ट जिथे खरोखर सुरू होते तिथून बघा. दहापैकी नऊ वेळा काहीच हरवलेलं नसतं. तसंच दारातून आत येणं, खुर्चीपर्यंत चालणं, बसणं. माणूस बसलेला दाखवला की तो चालत आला असणार हे प्रेक्षकाला कळतं.

लांबीबद्दल थोडं व्यवहाराचं. कानच्या लघुपट स्पर्धेची मर्यादा १५ मिनिटं आहे. ऑस्करसाठी लघुपट म्हणजे श्रेयनामावलीसह ४० मिनिटांपर्यंतचा. पण मर्यादा म्हणजे लक्ष्य नव्हे. कार्यक्रम आखणाऱ्याला दीड तासात सहा-सात फिल्म बसवायच्या असतात, तिथे अकरा मिनिटांची फिल्म बसते आणि चोवीस मिनिटांची बाजूला राहते. तुमची चोवीस मिनिटांची फिल्म खरोखर चोवीस मिनिटांची असेल तर ती तशीच ठेवा, पण आधी सोळाची करून बघा.

कट कुठे मारायचा यावर वॉल्टर मर्च या संकलकाने एक उतरंड सांगितली आहे आणि तिला चक्क टक्के दिले आहेत. भावनेला ५१, कथेला २३, लयीला १०, प्रेक्षकाची नजर पडद्यावर कुठे आहे त्याला ७, आणि पात्रं-वस्तू अवकाशात नेमक्या कुठे होत्या या कंटिन्युइटीला सगळ्यांत शेवटी ४. विद्यार्थ्यांच्या एडिट टेबलवर हा क्रम बरोबर उलटा असतो. आमटीची वाटी आधीच्या शॉटमध्ये डावीकडे होती म्हणून नटाचा सर्वोत्तम टेक फेकून दिला जातो. वाटी कुणी बघत नाही. डोळे बघतात. याच मर्चला ‘द इंग्लिश पेशंट’साठी संकलन आणि ध्वनी या दोन्हींचं ऑस्कर मिळालं, ही गोष्ट इथे मुद्दाम सांगतो. ही दोन कामं वेगळ्या खोल्यांत चालत असली तरी त्यांमागचं डोकं वेगळं नसतं.

चित्र आणि ध्वनी एकत्र चालतात का, याची चाचणी घरबसल्या घेता येते. कट तयार झाला की एकदा आवाज पूर्ण बंद करून बघा. कोण कुणावर चिडलंय हे तरीही कळायला हवं. मग स्क्रीन बंद करून नुसतं ऐका. जिथे कानाला काहीच धरायला मिळत नाही, तिथे सीन रेंगाळतोय किंवा तिथे ध्वनीने काहीतरी करायचं आहे. ती जागा लिहून ठेवा, कापायची घाई करू नका. चैतन्य ताम्हाणेच्या ‘कोर्ट’मध्ये कॅमेरा दूर, स्थिर उभा असतो आणि शॉट लांबत जातो, तरी आपण बघत राहतो, कारण चौकटीतल्या कोपऱ्यांत काही घडत असतं आणि चौकटीबाहेरचं जग कानावर येत असतं. तुम्हालाही लांब शॉट ठेवायचा असेल तर तेवढी भरलेली चौकट आणि तेवढा भरलेला आवाज लागेल.

संवादाच्या सीनमध्ये बोलणाऱ्याचं वाक्य संपलं की कट, मग दुसऱ्याचं वाक्य, मग पुन्हा कट, ही सवय मोडा. आई म्हणते, ‘‘बाबांचा फोन आला होता.’’ हे वाक्य मुलाच्या चेहऱ्यावर पडू द्या. तो चमचा तोंडाशी नेता नेता थांबतो तिथे सीन आहे. पुढच्या शॉटचा आवाज चित्राआधी आणणं किंवा आधीचा आवाज पुढच्या चित्रावर ओढणं, यांना जे कट आणि एल कट म्हणतात. निम्मे संवाद-सीन एवढ्यानेच सुधारतात.

बाहेरच्या माणसांना दाखवा. युनिटमधल्यांना नको, कारण त्यांना तो शॉट कोणत्या उन्हात मिळाला ते आठवतं. चार-पाच अनोळखी लोक बसवा आणि ‘कशी वाटली’ असं विचारू नका. आपली माणसं सभ्य असतात, चांगली म्हणतात. ‘गोष्ट सांगा’ म्हणा. जिथे ते अडखळतील तिथे दुखणं आहे. ते जो उपाय सुचवतील तो बहुधा चुकीचा असतो, पण जागा त्यांनी बरोबर दाखवलेली असते.

यानंतर लॉक. लॉक झालं म्हणजे एकही फ्रेम हलणार नाही. बारा फ्रेमनी काय बिघडतं, असं दिग्दर्शक विचारतो. २५ च्या वेगाने बारा फ्रेम म्हणजे जवळजवळ अर्धा सेकंद. त्या कटाच्या पुढचा प्रत्येक संवाद, प्रत्येक पाऊल, संगीताचा प्रत्येक ठोका अर्धा सेकंद सरकतो आणि ध्वनी करणारा सगळं हाताने पुन्हा बसवतो. अगदीच बदल करावा लागला तर कोणत्या टाइमकोडला किती फ्रेम काढल्या किंवा वाढवल्या ते लिहून द्या. फोनवर ‘थोडंसं कमी केलंय’ असं सांगू नका.

ध्वनीवाल्याच्या हातात काय द्यायचं

लॉक केलेल्या फिल्मची छोटी व्हिडिओ फाइल, तिच्यावर टाइमकोड छापलेला. टाइमलाइनची एएएफ फाइल, प्रत्येक क्लिपच्या दोन्ही बाजूंना पाचेक सेकंदांची मोकळी शेपूट ठेवून, म्हणजे फेड करायला जागा राहते. सगळ्या मूळ वेव्ह फाइल, ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटच्या. आणि सुरुवातीला टू-पॉप: पहिल्या फ्रेमच्या बरोबर दोन सेकंद आधी एक फ्रेमभर एक किलोहर्ट्झचा टोन. फिल्म ०१:००:००:०० ला सुरू होत असेल तर तो ००:५९:५८:०० ला येतो. शेवटच्या फ्रेमनंतर दोन सेकंदांनी आणखी एक ठेवा. मिक्स परत आला की हे दोन ठिपके चित्राशी जुळले की सिंक जुळला. शेवटचाच चुकला तर कुठेतरी वेगाचा घोळ आहे. सगळं तुम्ही एकट्यानेच, एकाच लॅपटॉपवर करणार असाल तरी लॉक टाइमलाइनची प्रत काढून तिच्यावरच ध्वनीचं काम करा.

आधी संवाद, मग बाकी सगळं

पुन्हा त्या आई-मुलाच्या सीनकडे जाऊ. स्वयंपाकघर, तीन अँगल, सकाळ ते दुपार चाललेलं शूटिंग. आईच्या शॉटमागे शेजारचा कुकर, मुलाच्या शॉटमागे खाली रिव्हर्स येणाऱ्या टेम्पोचं पीं-पीं, आणि मास्टर शॉटमध्ये फ्रीजची घूंऽऽ, कारण तो बंद करायचं कुणाला सुचलं नाही. कट केल्यावर दर वाक्याला मागचं जग बदलतं. प्रेक्षकाला कारण सांगता येत नाही, पण सीन तुकड्यातुकड्यांत दिसतो.

आईचे संवाद एका ट्रॅकवर, मुलाचे दुसऱ्यावर अशी विभागणी करा. माइक वेगळे असतील तर तेही वेगळे. प्रत्येक वाक्य पुढेमागे थोडं ओढून दोन तुकड्यांत काही फ्रेमचा क्रॉसफेड द्या. शब्दांमधला टेम्पो कापून टाका आणि त्या जागी त्याच खोलीचा, त्याच अँगलचा रिकामा आवाज भरा. हा रूम टोन. शूटिंगच्या वेळी मिनिटभर सगळ्यांना गप्प करून तो घ्यायचा असतो आणि हमखास राहून जातो. राहिला असेल तर ‘ॲक्शन’च्या आधीची आणि ‘कट’च्या आधीची शांतता वेचून गोळा करा. तेवढ्याने भागलं नाही तर रेकॉर्डर घेऊन त्याच घरी, त्याच वेळेला पुन्हा जा. चहा मिळेल आणि आवाजही.

शब्दावरच कुकरची शिट्टी आली असेल तर न वापरलेल्या टेकमध्ये तोच शब्द शोधा. दुसऱ्या टेकमधला एखादा शब्द, कधी नुसतं एक अक्षर, ओठांवर बसतं. ओठ दिसत नसतील तर प्रश्नच नाही. डबिंग हा शेवटचा उपाय ठेवा. नवख्या नटाचा स्टुडिओतला आवाज आणि स्वयंपाकघरातला आवाज जुळवणं अवघड, आणि अभिनय जुळवणं त्याहून अवघड.

घरघर काढण्याच्या प्लग-इनबद्दल सावध राहा. विजेची गुणगुण ५० हर्ट्झवर आणि तिच्या पटीत, १०० आणि १५० वर असते. ती अरुंद फिल्टरने काढता येते. ८० हर्ट्झच्या खालचं बहुतेक सगळं संवादातून काढून टाकलं तरी चालतं. पण पंख्याचा आवाज पूर्ण पुसायचा म्हणून बटण शेवटपर्यंत फिरवलं की माणूस विहिरीच्या तळातून बोलतोय असं वाटतं. थोडा पंखा राहू द्या. चित्रात पंखा दिसत असेल तर मुळीच काढू नका, सगळ्या शॉटमध्ये सारखा करा.

संवाद बसले की भोवतालचा आवाज. इथे विद्यार्थी आळस करतात आणि नेटवरून ‘गावाची सकाळ’ उतरवून घेतात. तिच्यात पक्षी भलत्याच देशाचे असतात. आपल्या प्रेक्षकाचा कान याला फसत नाही. कथा कोकणातल्या मे महिन्याची असेल तर रात्री बेडूक ओरडून चालणार नाही. पावसाळ्यातली असेल तर त्यांच्याशिवाय चालणार नाही. चाळीतल्या खोलीला भिंतीपलीकडचा टीव्ही हवा, तालुक्याच्या गावाला एसटी स्टँडवरची घोषणा हवी, आणि ती त्या भागाच्या बोलीत हवी. साधा रेकॉर्डर घेऊन स्वतः फिरा. पहाट, भर दुपार, दिवेलागण, या तीन वेळांना एकाच जागेचा पाच-पाच मिनिटं आवाज घेतलात तर तुमच्याकडे कुठल्याही लायब्ररीत नसलेली गोष्ट असेल. उमेश कुलकर्णीने पुण्याच्या एफटीआयआयमध्ये शिकताना केलेली, राष्ट्रीय पुरस्कार मिळालेली ‘गिरणी’ मिळवून बघा, आणि बघून झाली की डोळे मिटून ऐका. घरात आलेली पिठाची गिरणी आणि शाळकरी मुलगा. त्या यंत्राच्या आवाजाशिवाय ती फिल्म कल्पताच येत नाही.

फोली म्हणजे पावलं, कपडे, भांडी, बांगड्या. सगळ्याला आवाज देत सुटू नका. ज्याकडे लक्ष जायला हवं त्यालाच द्या. पण जे कराल ते खरं करा. शहाबादी फरशीवरची पावलं आणि सारवलेल्या जमिनीवरची पावलं वेगळी, आणि कोल्हापुरी चपलेची करकर स्लीपरला लावली तर लोक हसतील. शांतताही रिकामी ठेवू नका. आवाज पूर्ण शून्यावर आला की प्रेक्षकाला स्पीकर बंद पडला असं वाटतं. रिकाम्या घराची शांतता म्हणजे लांबून येणारा कावळा, नळाचं टपटपणं.

संगीत सगळ्यांत शेवटी, आणि वाटतं त्याच्या निम्मंच. नट रडत असताना व्हायोलिननेही रडायची गरज नसते. हक्कांची गोष्ट मात्र गंभीर आहे. जुनं गाणं म्हणजे मोफत गाणं नव्हे. भारतीय कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं टिकतो, पण शब्द आणि चाल यांचा हक्क कवी-संगीतकाराच्या निधनानंतर ६० वर्षं. म्हणजे तबकडी मोकळी आणि गाणं बांधलेलं, असं सर्रास असतं. सीनमधल्या रेडिओवर दहा सेकंद वाजलं तरी परवानगी लागते. क्रिएटिव्ह कॉमन्सचं संगीत घेताना परवाना वाचा. ज्यात रूपांतराला मनाई आहे असा तुकडा चित्राला जोडता येत नाही, कारण चित्राशी जोडणं हेच त्या परवान्याच्या लेखी रूपांतर. वर्गातला पेटी वाजवणारा मित्र परवडतो. त्याच्याकडूनही दोन ओळींचं संमतिपत्र घ्या.

मिक्स

संवाद आधी एका पातळीवर आणा आणि मग त्यांना हात न लावता बाकीचं भोवती बसवा. आवाजाच्या पातळीचं युरोपीय प्रसारणातलं मान सरासरी उणे २३ एलयूएफएस आहे, यूट्यूब साधारण उणे १४ च्या वरचं स्वतःच खाली ओढतं. सभागृहासाठी आणि नेटसाठी म्हणूनच दोन वेगळी मिक्स काढणं शहाणपणाचं. हेडफोनवर, लॅपटॉपवर, मोबाइलच्या एका स्पीकरवर असं तिन्हीकडे ऐका. मोबाइलवर संवाद बुडत असतील तर संगीत कमी करा, संवाद वाढवू नका.

शक्य असेल तर कॉलेजच्या सभागृहात एकदा लावा आणि मधल्या रांगेत बसा. शेवटच्या रांगेतून ओठ आणि आवाज जुळत नाहीत असं वाटलं तर घाबरू नका. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे १४ मीटर अंतराला २५ च्या हिशेबात एक फ्रेम उशीर होतोच. तिथे बसून सिंक हलवाल तर पुढच्या रांगेत तो चुकेल. अंतिम मिक्ससोबत संवाद, इफेक्ट आणि संगीत यांचे वेगवेगळे ट्रॅकही काढून ठेवा. उद्या एखाद्या गाण्यावर कुणी हरकत घेतली तर तेवढंच बदलता येतं.

रंग, अक्षरं, पाठवणी

रंगाचं काम लॉकनंतर, ध्वनीच्या समांतर. आधी एका सीनमधले शॉट एकमेकांशी जुळवा, चेहऱ्याचा रंग खरा आणा आणि मगच ‘लूक’चा विचार करा. सावळ्या माणसाला राखाडी करणारे तयार फिल्टर टाळा.

श्रेयनामावली देवनागरीत असेल तर जोडाक्षरं आणि रफार तपासा. प्रीमियरसारख्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांसाठी अक्षरांची वेगळी सेटिंग असते; ती लावली नाही तर वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसते. बऱ्याच फॉन्टमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे येतात. मराठी वळण हवं असेल तर तिरो देवनागरी मराठी हा मोफत फॉन्ट आहे. नावांची यादी सर्वांना पाठवून, वाचून घेऊन मगच रेंडर करा. ज्याने तीन रात्री बूम धरला त्याचं आडनाव चुकता कामा नये.

इंग्रजी उपशीर्षकं दोन ओळींपेक्षा जास्त नकोत, ओळ साधारण ४२ अक्षरांची. ‘अगं बाई’चं शब्दशः भाषांतर करू नका, कट यायच्या आत वाचून होईल एवढंच लिहा. आणि ती चित्रावर कायमची छापू नका. उपशीर्षकांशिवायची स्वच्छ प्रत आणि वेगळी उपशीर्षक फाइल, दोन्ही ठेवा.

मास्टर प्रोरेस ४२२ एचक्यूमध्ये काढा आणि बाकीच्या सगळ्या प्रती त्यातूनच काढा. डीसीपी मागितली तर डीसीपी-ओ-मॅटिक मोफत आहे. पण तयार झालेली डीसीपी खऱ्या चित्रपटगृहात एकदा चालवून बघा. एक्सपोर्ट झालेली फाइल दुसऱ्या मशिनवर सुरुवातीपासून शेवटच्या नावापर्यंत बघितल्याशिवाय कुठेही पाठवू नका. टाइमलाइनवर बरोबर दिसलेला शॉट एक्सपोर्टमध्ये काळा येतो, तो असा बघितला तरच सापडतो. मग प्रोजेक्ट फाइल, मास्टर, ध्वनीचे सुटे ट्रॅक, फॉन्ट आणि संमतिपत्रांचे फोटो एका फोल्डरमध्ये घाला आणि त्याची प्रत त्या तिसऱ्या डिस्कवर, दुसऱ्याच्या घरी पोचवा.